तू जा, मी बसते

बेटावर सुट्टीला गेलेल्या मराठी जोडप्याच्या तोंडचं सगळ्यात महागडं वाक्य म्हणजे 'तू जा, मी बसते'. विमानाची तिकिटं दोन, बोटीची तिकिटं दोन, हॉटेलचं बिल दोघांचं. आणि समुद्रात उतरतो एकटा नवरा. बायको झाडाखाली बसून त्याचा मोबाईल, पाकीट, चष्मा आणि कोरडा टॉवेल सांभाळते. संध्याकाळी दोघंही 'मजा आली' म्हणतात. मजा एकालाच आलेली असते. अंदमानच्या कुठल्याही गजबजलेल्या किनाऱ्यावर सकाळी दहाला उभे राहा, अशा कितीतरी जणी दिसतील. हे चित्र बदलायला हवं. ते बदलणं फारसं अवघडही नाही.

मुक्काम स्वराज द्वीप. ३० डिसेंबर २०१८ पासूनचं हे अधिकृत नाव. बोटवाले, स्कूटरवाले आणि पर्यटक अजून हॅवलॉकच म्हणतात. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. सावरकर १९११ ते १९२१ या काळात जिथे बंदी होते, त्या कोठडीपुढे माणसं चपला काढून उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. मग दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, जलद बोट पकडून दोनेक तासांत या बेटावर उतरतात. इथून पुढचा एक दिवस निव्वळ दोघांचा असतो. सासू नाही, डबा नाही, मुलांची परीक्षा नाही. वर्षानुवर्षं साठवलेल्या पैशातून आणि मागून मागून मिळवलेल्या रजेतून निघालेला हा दिवस वाया घालवण्याची आपली पद्धत ठरलेली आहे. त्यातले घोळ एकेक करून पाहू.

पहिला घोळ उठण्यात होतो. 'सुट्टीवर आलोय, झोपू दे' म्हणत आठ वाजतात. नाश्त्याच्या टेबलावर साडेनऊ. तयार होईतो अकरा. मुंबईत हे खपून जातं, इथे खपत नाही. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. मुंबई ७३ अंशाच्या जवळ, अंदमान ९३ च्या. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इथला सूर्य मुंबईच्या सुमारे ऐंशी मिनिटं पुढे धावतो. डिसेंबरात तो साडेपाचच्या आत-बाहेर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला समुद्रात जातो. साडेपाचला काळोख. अकराला खोलीबाहेर पडणाऱ्याच्या हाती जेमतेम सहा तासांचा उजेड उरतो, त्यातला अर्धा डोक्यावर तापणारा. तेव्हा पाचला उठा. दोघंही उठा. काळा पत्थरचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. तिथे उगवतीला पाण्यात पाय सोडून बसायला तिकीट लागत नाही.

उठलात की आधी भरती-ओहोटीची वेळ विचारा. कोकणात ज्याचं आजोळ आहे त्याला हे सांगायला नको. बाकीच्यांनी ध्यानात घ्यावं की हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी दूर जातं आणि खाली धारदार खडक उघडे पडतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर फारच दूर. मग माणसं गुडघाभर पाण्यात खडकांवरून ठेचकाळत चालतात, 'कुठे आणलंस' म्हणत एकमेकांवर चिडतात, आणि दिवस तिथेच नासतो. हॉटेलच्या काउंटरवर एक प्रश्न विचारला असता तर टळलं असतं. तो प्रश्न विचारायचं काम दोघांपैकी कुणाचंही असू शकतं.

आता स्कूटर. जेट्टीपासून राधानगरच्या किनाऱ्यापर्यंत बाराएक किलोमीटरचा रस्ता आहे. भाताची खाचरं, सुपारीच्या बागा, मग दाट जंगल. जोडपी स्कूटर भाड्याने घेतात आणि चालवतो नवराच. जी बाई पुण्यात कर्वे रोडवर सकाळी नऊच्या गर्दीत मागे मूल, पुढे दप्तर आणि पायाशी भाजीची पिशवी घेऊन गाडी काढते, ती हॅवलॉकच्या मोकळ्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसते. का? कुणी ठरवलं? कुणीच नाही. भाड्याच्या दुकानात किल्ली पुढे आली, नवऱ्याने घेतली, संपलं. लायसन्स दोघांची बरोबर न्या, हेल्मेटं दोन मागून घ्या, आणि जाताना एकाने, येताना दुसऱ्याने चालवा. या रस्त्यावर गाडी चालवणं हीच अर्धी मजा आहे. ती अर्धी मजा तिच्या वाट्याला का येऊ नये?

खरी गोम मात्र एलिफंट बीचवर आहे. जेट्टीवरून छोट्या बोटीने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोचता येतं. किनाऱ्यावर मोठाले वठलेले ओंडके आडवे पडलेले आहेत, ऊन-पावसाने आणि खाऱ्या पाण्याने पांढरे पडलेले. त्या ओंडक्यांवर आपल्या बायका बसतात.

अशाच एका ओंडक्यावर एक काकू भेटल्या. साताऱ्याकडच्या, साठीला टेकलेल्या. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल. मांडीवर दोन मोबाईल, काकांचं पाकीट, काकांचा चष्मा, काकांचं घड्याळ. शेजारी तीन पिशव्या. 'तुम्ही नाही गेलात?' म्हटलं, तर म्हणाल्या, 'अहो, सामान कोण बघणार? आणि मला पोहता कुठे येतं?' समोर छातीभर पाण्यात काका रबरी रिंगला धरून पालथे तरंगत होते. पोहता त्यांनाही येत नव्हतं. त्यांना ते आडवं आलं नाही. काकूंना आलं.

बोटीवरचा बंगाली पोरगा हे रोज पाहत असावा. त्याने काका बाहेर आल्याबरोबर पिशव्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि काकूंना म्हणाला, 'आंटी, टिकट तो आपका भी है, आइए.' काकू दोनदा नाही म्हणाल्या, तिसऱ्यांदा उठल्या. ओढणी काढून काकांच्या हातात दिली. पोराने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, मास्कच्या काचेला आतून थुंकी लावून ती पाण्यात विसळली, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. मग गुडघाभर पाण्यात बसवून एकच गोष्ट पाच मिनिटं शिकवली: नाक विसरायचं, श्वास फक्त तोंडाने. पहिल्या दोन वेळा काकूंनी घाबरून मान वर काढली. तिसऱ्या वेळी काढली नाही. रिंगला धरून पोरगा त्यांना हळूहळू पुढे नेत होता आणि नळीतून 'अगंबाई, अगंबाई' असा घुमलेला आवाज ऐकू येत होता. त्या बाहेर आल्या तेव्हा मास्कचा लाल वळ कपाळभर उठला होता आणि त्या काकांना सांगत होत्या, 'अहो, इतके रंग आहेत खाली, तुम्ही नुसतं बरं आहे म्हणालात.' काका पिशव्या सांभाळत बसले होते. त्यांना काहीही झालं नव्हतं.

पाण्याबाहेर बसायला लावणारी कारणं मला पाठ आहेत. एकेक घेऊ.

पोहता येत नाही. उथळ पाण्यातल्या स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पालथं तरंगण्याला, लाइफ जॅकेट असतं, रिंग असते, धरून नेणारा माणूस असतो. पोहणं यायला हवंच असं नाही. श्वास आणि धीर हवा. दोन्ही पाच मिनिटांत येतात.

कपडे. ओढणी, घोळदार सलवार, साडी पाण्यात पायांत गुंडाळते, ती नकोच. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग घाला. अंग झाकलं जातं, ऊन लागत नाही, आणि अंगभर सनस्क्रीन थापावं लागत नाही. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात, तेव्हा हा पोशाख समुद्रालाही मानवतो. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न इथे गैरलागू आहे. पाण्यात सगळ्यांची तोंडं खाली असतात.

दागिने. मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं हॉटेलच्या तिजोरीत. एक दिवस गळा मोकळा राहिला म्हणून संसाराला काही होत नाही.

सामान. किनाऱ्यावर न्यायचं ते एका जलरोधक पिशवीत मावेल एवढंच: थोडे पैसे, एक मोबाईल, पाण्याची बाटली. एवढ्यासाठी पहारा लागत नाही. लागलाच, तर पाळी लावा. अर्धा तास तिचा, अर्धा तास त्याचा.

आणि महिन्याची पाळी. कितीजणी या एका कारणासाठी चार दिवस काठावर बसून परत येतात आणि कुणाला सांगतही नाहीत. तिकिटं काढताना नवरा कंपनीचं कॅलेंडर बघतो, मुलांच्या शाळेचं बघतो, तिचं बघत नाही. बघा. विचारा. नवऱ्याने विचारण्यासारखा याहून साधा प्रश्न नाही. तारखा जुळल्याच नाहीत तर मेन्स्ट्रुअल कप आहे. तो वापरायची सवय दोन-तीन महिने आधी घरी करून घेता येते.

याच्या पुढची पायरी स्कूबा. हॅवलॉकचं नाव त्यासाठीच झालेलं आहे. शिकाऊ डुबकीलाही पोहणं लागत नाही. प्रत्येकाबरोबर एक प्रशिक्षक असतो आणि तो तुम्हाला सोडत नाही. खोली जास्तीत जास्त बारा मीटर, बहुतेकांची डुबकी त्याच्या आतच होते. आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यातलं काही असेल तर खरं लिहा. 'पैसे भरलेत, आता कशाला सांगायचं' हा हिशोब पाण्याखाली जिवावर बेततो. आदल्या रात्री दारू नको. आणि डुबकीनंतर विमान किमान अठरा तासांनी, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. सहलीच्या शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवणारं वेळापत्रक समोर आलं तर ते तिथल्या तिथे बदलून घ्या.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. तर्जनी आणि अंगठा जोडून गोल केला की 'ठीक आहे'. अंगठा वर केला की 'मला वर न्या'. फोटोसाठी अंगठा दाखवायची सवय हाताला इतकी लागलेली असते की कित्येकजण कॅमेरा पुढे आला की अंगठा वर करतात, आणि प्रशिक्षक बिचारा त्यांना घेऊन वर निघतो. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, म्हणजे कानावरचा दाब सुटतो. कान दुखला की थांबायचं, थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. इथे जोर उपयोगाचा नाही, सबुरी उपयोगाची. मिशीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: मिशीवर मास्क नीट बसत नाही आणि पाणी आत झिरपतं. बायकांना ही अडचण नाही.

ज्यांनी रीतसर शिक्षण घेतलंय त्या पाणबुड्यांचा पहिला नियम असा की एकट्याने उतरायचं नाही. कायम जोडीने. उतरण्याआधी दोघांनी एकमेकांची हवेची टाकी, पट्टे, वजनं तपासायची. खाली एकमेकांना दिसत राहायचं. एकाची हवा कमी झाली तर दुसऱ्याने आपल्यातली द्यायची. एक वर निघाला की दुसऱ्यानेही निघायचं. समुद्राने जोडीचा इतका सरळ नियम घालून दिलेला असताना जोडप्यातला एकजण काठावर बसतो, हे मला पटत नाही. शिकाऊ डुबकी घ्याल तेव्हा बुकिंग करतानाच सांगा: आम्हा दोघांना एकाच वेळी खाली न्या. दोन प्रशिक्षक लागतात, ते देतात. दोन तासांच्या अंतराने वेगवेगळं उतरून मग एकमेकांना व्हिडिओ दाखवण्यात काय हशील?

खाली काय दिसतं? समुद्रफुलाच्या हलत्या झुपक्यात राहणारा केशरी-पांढरा क्लाउनफिश दिसतोच. लहान मुलांना तो 'निमो' म्हणून ठाऊक आहे. या माशाचं घर मोठ्यांनीही समजून घेण्यासारखं आहे. घरात सगळ्यात मोठी आणि कारभारी ती मादी. अंड्यांची राखण नराकडे; तो पंखांनी त्यांना वारा घालतो, मेलेली अंडी वेचून काढतो, कुणी जवळ आलं तर अंगावर जातो. जन्मतः हे सगळे नर असतात. मादी गेली की जोडीतला नर स्वतः मादी होतो आणि कारभार हाती घेतो. लाखो वर्षं हा संसार चाललेला आहे. कामं बदलली म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही.

तिथेच पोपटमासा दिसतो. चोचीसारख्या दातांनी तो मेलेला प्रवाळ आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खातो, आत दळतो आणि पांढरी वाळू करून टाकतो. अशा किनाऱ्यांवरच्या शुभ्र वाळूचा मोठा वाटा या माशाच्या पोटातून गेलेला असतो. आणि सगळ्यांचा आधार तो प्रवाळ. तो दगड दिसतो, पण जिवंत प्राण्यांची वस्ती आहे. काही घट्ट जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानचा बराच प्रवाळ पांढरा पडला. काही सावरला, काही मेला. जो उरलाय त्यावर आपण फोटोसाठी उभे राहतो. दम लागला म्हणून टेकतो. बायको धडपडली म्हणून नवरा तिला त्यावर उभं करतो. एका पायाखाली वीस वर्षांची वाढ मोडते. दम लागला तर पाठीवर उताणे व्हा, जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, माशांना पाव-बिस्किटं घालायची नाहीत, आणि 'आठवण म्हणून' प्रवाळाचा तुकडा खिशात घालायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो संरक्षित आहे; विमानतळावर बॅग तपासताना सापडतो, आणि सापडावाच. प्रेमाची निशाणी म्हणून कुणाचं तरी घर फोडून नेणाऱ्याला माझी सहानुभूती नाही.

दुपारी गोविंदनगरच्या बाजारात जेवा. या बेटावर १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून उजाडून आलेली कुटुंबं वसवली गेली. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही त्यांची गावं. जंगल साफ करून त्यांनी भात आणि सुपारी लावली. आज त्यांचीच मुलं-नातवंडं बोट चालवतात, डुबकी शिकवतात, खानावळ चालवतात. तिथे ताज्या मासळीचा झोल आणि गरम भात मिळतो, शाकाहाऱ्यांना डाळ, बेगुनभाजा आणि भाजी. पण आपले लोक बसतात पनीर बटर मसाला मागवून, आणि तो मिळाला नाही की तोंड वाकडं करतात. बेटावर आलात तर बेटाचं अन्न खा. रांधणाऱ्याशी दोन शब्द बोला. हिंदी सगळ्यांना येते. आणि घरी जी वाढते, तिचं ताट इथे आधी येऊ द्या. गरम ताट समोर येऊन ते गरम असताना जेवणं हेही तिच्या सुट्टीत धरा.

साडेतीनला राधानगर गाठा. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० साली स्वच्छ किनाऱ्याचा 'ब्लू फ्लॅग' मिळाला. पश्चिमेला तोंड केलेला लांबच लांब किनारा, पाठीला उंच जंगल. त्यात सागरी मोहाचे भले थोरले वृक्ष. आपल्या विदर्भातल्या मोहाच्याच कुळातले. वाळू पिठासारखी मऊ, पाणी हळूहळू खोल होत जाणारं. पोहण्याची हद्द आखलेली असते, जीवरक्षक शिट्टी मारतात, पाट्या लावलेल्या असतात. ती शिट्टी ऐका. २०१० साली याच परिसरातल्या एका आडोशाच्या खाडीत मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक स्त्रीचा जीव गेला. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, आणि त्या तिथल्या आहेत; पाहुणे आपण. 'तिकडे गर्दी नाही, तिकडे जाऊ' म्हणून कोपऱ्यात शिरण्यात मर्दुमकी नाही. आखलेल्या हद्दीत लाटा अंगावर घेण्याची मजा तसूभर कमी नसते.

आणि इथे फोटोंचा सुळसुळाट. भाड्याचा फोटोवाला सांगतो: मॅडम पळत या, सर मिठीत घ्या, आता पुन्हा पळत या. सूर्य बुडेपर्यंत त्या जोडप्याने एकदाही सूर्याकडे पाहिलेलं नसतं. तिचा लांब झगा वाळूने भरलेला, त्याचा पांढरा शर्ट घामाने चिकटलेला, दोघांच्या चेहऱ्यावर कंटाळा. फोटो जरूर काढा. पाच मिनिटं काढा. एकमेकांचे काढा. बाकीचा वेळ पाण्यात घालवा, दोघांनी. लाट आली की ती किंचाळते, त्याच्या तोंडात खारं पाणी जातं, दोघंही पडतात, पुन्हा उठतात, हसून हसून पोट दुखतं. लग्नाला दोन महिने झालेली जोडपी आणि तीस वर्षं झालेली जोडपी इथे सारखीच दिसतात. हे पाहायला मिळतं तेव्हा मला खरोखर आनंद होतो. एरवी घरात कुठे इतकं हसतो आपण?

तर करायचं काय? एक, दिवस दोघांनी बसून ठरवा. प्रत्येकाने आपल्या मनाची एक गोष्ट सांगायची, ती झालीच पाहिजे; प्रत्येकाला एका गोष्टीला 'नको' म्हणता यायला हवं, ती वगळलीच पाहिजे. दोन, यादी निम्मी करा. एका दिवसात एक समुद्र, एक जेवण, एक संध्याकाळ पुरते. सहलवाल्याच्या वेळापत्रकात पाच किनारे असतील तर तीन खोडा. तीन, जे करायचं ते दोघांनी. भीती वाटते म्हणून ती नको म्हणत असेल तर तिला एकदा गुडघाभर पाण्यात घेऊन बसा, हात धरा, घाई करू नका. भीती त्याला वाटत असेल तर तिने हेच करावं. पुरुषांनाही पाण्याची भीती वाटते, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. आणि खरोखरच एखाद्याला पाण्यात जायचंच नसेल, काठावर पुस्तक वाचण्यातच सुख असेल, तर तेही मान्य. मात्र ते तिने किंवा त्याने निवडलेलं असावं. पिशव्यांनी निवडलेलं नसावं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. या दिवसाची तयारी हॅवलॉकला होत नाही, गावातल्या पोहण्याच्या तलावावर होते. डिसेंबरचं बुकिंग असेल तर सप्टेंबरात दोघांचीही नावं घाला. पुष्कळ तलावांवर बायकांची वेगळी वेळ असते, शिकवायला बाई असतात. पन्नाशी-साठीतल्या बायका तिथे पहिल्यांदा पाण्यात उतरतात आणि नेटाने गेल्या तर महिना-दीड महिन्यात तरंगायला लागतात. अंदमान खिशाला परवडत नसेल तर मालवण-तारकर्ली आहे. स्कूबा तिथेही शिकवतात. एवढा मोठा समुद्रकिनारा लाभलेल्या राज्यात निम्म्या लोकसंख्येने पाण्याला भिऊन राहायचं, ही लाजेची गोष्ट आहे. मुलाला पोहायला घालता तसं मुलीलाही घाला, आणि चौथीच्या आत घाला. तिच्या लग्नाच्या रुखवताचा विचार मागाहून केला तरी चालेल. पोहणं आधी.